धंतोलीहून रामटेक, एका निळ्या बॅगेच्या मागे

आमच्या वर्गातल्या मुलांनी यंदा मनाली पाहिली, गोकर्ण पाहिलं, एकानं तर थेट दुबई पाहिली. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णनं मागवली तेव्हा मी संपादकांना विचारलं, नागपूर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात केलेल्या प्रवासाचं चालेल का? ते म्हणाले, जागा उरली तर पाहू. त्या भरवशावर हे लिहितो आहे. वाचकांपैकी अनेकांनी धंतोली पाहिली असेल, पण आजारपणात. बेसा पाहिलं असेल, पण फ्लॅट घ्यायला गेले असताना. रामटेक पाहिलं असेल ते देवासाठी. ही तिन्ही ठिकाणं एका लॅपटॉपच्या मागे लागोपाठ पाहणारा मात्र बहुधा मीच असेन.

शुक्रवार, धंतोली

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गावातला नागपुरात राहणारा जवळपास एकटाच. त्यामुळे गावाचा असा समज आहे की मी शिकायला इंजिनिअरिंग कॉलेजात नसून धंतोलीच्या दवाखान्यांत आहे. यवतमाळकडच्या आमच्या गावात कुणाचं काही दुखलं की आधी मला फोन येतो आणि मग डॉक्टरला. कोणत्या दवाखान्याची लिफ्ट बंद असते आणि कोणत्या कॅन्टीनचा चहा पिण्यासारखा आहे, हे मला माझ्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त पाठ झालं आहे.

त्या शुक्रवारी सुमनआत्याचा गुडघा होता. सोमवारी माझा व्हायवा होता, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा. चेहरा ओळखून हजेरी लावणारी प्रणाली आम्ही तयार केली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझा खोलीमित्र प्रफुल. सगळं काम माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. रांगेत बसल्याबसल्या थोडं काम होईल म्हणून तो मी सोबत घेतला.

लॅपटॉप मी लॅपटॉपच्या बॅगेत कधी नेत नाही. काळी बॅग दिसली की चोराला बरोबर कळतं, असं आईचं म्हणणं. म्हणून बियाण्याच्या कंपनीनं कपाशीच्या पाकिटांवर फुकट दिलेल्या निळ्या बॅगेत तो टॉवेलात गुंडाळून ठेवायचा आणि वर भाकरीचा डबा ठेवायचा, असा तिचा दंडक आहे. प्रफुल म्हणतो, "तुझ्या बॅगेकडे चोरच काय, कुत्रंपण पाहणार नाही." आईला मी हे कौतुक म्हणून सांगितलं होतं.

त्या इमारतीत खाली डोळ्यांचा दवाखाना होता, वर हाडांचा, आणि बाकं दोघांत मिळून. एक्स-रे काढायला गल्लीच्या पलीकडे जावं लागे. आत्याचं नाव पुकारलं तेव्हा तिला दोन्ही हातांनी धरून नेणं भाग होतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, पांढरी टोपी, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यावर काळा चष्मा. मी घाईत त्यांना म्हणालो, "काका, जरा बॅगीकडं पाहाजा गा. आत्याले एक्स-रेले नेतो न् आलोच."

"जा, जा. मी हाओ," ते म्हणाले.

माझी मती पाहा. ज्यांना आपलं स्वतःचं ताट दिसत नव्हतं त्यांना मी माझ्या बॅगेकडे पाहायला सांगितलं, आणि निश्चिंत मनानं निघून गेलो.

एक्स-रेच्या दारात आमच्याआधी एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड बसलं होतं. त्यांची जीप उलटली होती. कुणाला फार लागलं नव्हतं, पण सगळ्यांचे फोटो निघायचे होते. आम्ही परत आलो तोवर दवाखाना दुपारसाठी बंद झाला होता आणि एक बाई बाकं उचलून फरशीवर पाणी मारत होती. काका नव्हते. बॅगही नव्हती.

पहारेकऱ्यानं फार आपुलकीनं मला कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. "ओळख आता तुझी बॅग," तो म्हणाला. पडद्यावर दवाखान्यातून माणसं बाहेर पडत होती, निम्म्यांच्या डोळ्याला पट्टी. कुणाच्या खांद्याला निळी बॅग, कुणाच्या हातात निळी बॅग, एका आजीच्या डोक्यावर निळी बॅग. आईची युक्ती साऱ्या विदर्भातल्या आयांना सुचलेली दिसली.

"पेन ड्राइव्हमध्ये तर असेल ना सगळं?" प्रफुलनं फोनवर विचारलं.

"आहे."

"मग? पेन ड्राइव्ह कुठं आहे?"

"बॅगेत."

त्यानं फोन ठेवून दिला.

आत्या पायरीवर बसून रडकुंडीला आली. "माह्या गुडघ्यापायी झालं हे सारं. सोमवारी तुले नापास करतीन का रे?"

"नाही आत्या, तसं काही नसते," मी म्हणालो. तसंच असतं.

तिला गावच्या बसमध्ये बसवून मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी विचारलं, "संशय कोणावर?"

"ज्यांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं त्यांच्यावर."

त्यांनी आतल्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावलं आणि मला म्हणाले, "हं, आता याले सांग. जसं मले सांगितलं तसंच." मी पुन्हा सांगितलं. दोघांनाही ते आवडलं. मग मात्र त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली आणि चहा पाजला. निघताना म्हणाले, "त्याच्यात ते शोधायचं असते ना काही? आमचं काम आम्ही करू, पण तुमच्या लाइनचं तुम्हीपण पाहा ना."

ते मला सुचलं नव्हतं. खोलीवर गेलो तर प्रफुल माझ्या खात्यात शिरून बसलाच होता. हरवलेला लॅपटॉप कुठून इंटरनेटला जोडला गेला तर नकाशावर ठिपका दिसतो, आणि दुरूनच त्याला कुलूप घालता येतं. संध्याकाळी ठिपका उमटला. बेसा.

"बेसा!" प्रफुल ओरडला. "चोराचा फ्लॅट आहे बे!"

त्यानं तत्काळ कुलूप घातलं. कुलपाबरोबर पडद्यावर आपला निरोपही दाखवता येतो. मी म्हणालो, "लिही, कृपया या नंबरवर संपर्क साधावा." प्रफुलनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चोराले नंबर देते का कोणी? खंडणी मागंल तो." आणि त्यानं लिहिलं: 'चोरा, तू कुठं बसला आहेस ते आम्हाला दिसतं आहे. म्हातारपणी तुरुंगात जायची हौस आहे का? पोलीस निघाले आहेत.'

मला ते जरा जास्त वाटलं. पण मी 'राहू दे' म्हणालो. मला नको म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्यानं बटण दाबलं होतं.

शनिवार, बेसा

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेला वाढत चाललेलं नवं गाव आहे. नवं असल्यामुळे रस्ते अजून यायचे आहेत, पण कमानी आल्या आहेत. एका कमानीतून आत गेलं की डावीकडे सात मजली इमारत, उजवीकडे वांग्याची वाडी. चौकात तर्री-पोहे खाल्ले. ते खाताना कपाळाला जो घाम आला तो तर्रीचा की भीतीचा, हे सांगता येणार नाही.

नकाशावरचा ठिपका जवळ गेल्यावर ठिपका राहत नाही, त्याचं वर्तुळ होतं. त्या वर्तुळात चार इमारती येत होत्या. चारी एकाच रंगाच्या, आणि चारींच्या नावात 'ग्रीन'. हिरवं म्हणावं असं तिथं फक्त शेजारच्या वाडीतली वांग्याची झाडं होती. चोराचा पत्ता पहारेकऱ्याला कसा विचारायचा, याचा मी बराच विचार केला. शेवटी म्हणालो, "डोळ्याला पट्टी बांधलेले एक काका इथं कुणाकडे आले आहेत का?"

"रेखाताईचे बाबा. तिसरा मजला," तो लगेच म्हणाला.

चोर शोधणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी जिन्यात थांबून प्रफुलला फोन केला. तो म्हणाला, "एकटा आत जाऊ नको. व्हिडिओ चालू ठेव." मी व्हिडिओ चालू केला आणि घंटी वाजवली. त्या व्हिडिओत पुढचा सगळा वेळ माझी पावलं दिसतात.

दार एका बाईंनी उघडलं. हातात कणीक होती. मी म्हणालो, "नमस्कार. ते एक... निळी बॅग..."

"तुम्हीच काय ते?" रेखाताईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "या. या आत. पोलीस किती आणले? त्यायले बी बोलवा, चहा टाकते."

मी सोफ्याच्या अगदी कडेवर बसलो. त्या कणीक मळत होत्या, आणि प्रत्येक वाक्याला परातीत एक गुद्दा बसत होता.

झालं होतं ते असं. काका माझी वाट पाहत बाकावर बसून राहिले. जावई गाडी घेऊन आला. गल्लीत गाडी थांबू देत नव्हते, म्हणून त्यानं दोन चकरा मारल्या. दवाखाना बंद व्हायला आला तेव्हा काकांनी शेजारच्या बाईंना सांगितलं, पोरगा आला तर सांगा, बॅग परसरामजीपाशी आहे, बेस्याले, लेकीच्या घरी. त्या बाईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी बहुधा पुढच्या माणसाला सांगितलं. त्या माणसाचा नंबर आला. असा तो निरोप एकेका रुग्णाबरोबर आत जात राहिला आणि कुठल्याशा तपासणीच्या खोलीत संपला.

"मी बाबाले म्हटलं, पहारेवाल्यापाशी ठेवून द्या ना जी," रेखाताई म्हणाल्या. "तं म्हणते, त्यानं मले सांगितलं, पहारेवाल्याले नाही सांगितलं. घरी आणली. मालकाचं नाव तरी दिसंल म्हणून यायनं वायफाय लावला. आम्ही सारे चहा घेऊन बसलो, न् तो पडदा लागला. माह्या पोरीनं मोठ्यानं वाचलं. सहावीत आहे ते. 'चोरा' म्हणून सुरू केलं तिनं, न् मंग आजोबाकडं पाह्यलं."

परातीत आणखी एक गुद्दा बसला.

"'म्हातारपणी तुरुंगात' म्हणून लिहिलं होतं ना तुम्ही? म्हातारपण कसं माहीत होतं?"

"तो अंदाज होता," मी म्हणालो. "आम्ही... म्हणजे मित्रानं... म्हणजे आम्हीच लिहिलं."

"काहून लिहिलं पण? फोन नंबर लिहिता येत नव्हता?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी विचारलं, "बॅग..."

"बाबा घेऊन गेले सकाळीच. रामटेकले, गावी. नात बी गेली संगं, सुट्ट्या आहे ना. मी म्हटलं, बॅग तं राहू द्या इथं, येईन तो. नाही म्हणे. मले सांगितलं त्यानं, तुले नाही."

त्यांनी वडिलांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. शांत होता, ते जास्त वाईट वाटलं. "येऊ दे त्याले इथं. हातात देईन. फोनवर बोलाचं काही काम नाही."

निघताना रेखाताईंनी गरम पोळी आणि वांग्याची भाजी वाढली. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "राग माह्या बापाचा आहे, पोयीचा नाही. खा."

रविवार, रामटेक

नागपूर सोडून उत्तरेला निघालं की आमच्या भागातल्या माणसाला चुकल्यासारखं वाटतं. आमच्याकडे काळी जमीन आणि कपाशी. इकडे कालव्याचं पाणी, बांधाबांधांची शेतं आणि भर उन्हाळ्यात उभं असलेलं धान. डोंगरावरचं मंदिर बसमधून बराच वेळ दिसत राहतं, जवळ येत नाही. आत्याचा फोन आला. हकीकत ऐकून ती म्हणाली, "रामटेकले चालला तं रामाच्या पाया पडून घेजो. काम होते." मी म्हणालो, आधी काम, मग पाया. हे बहुधा देवाला आवडलं नसावं. बसमधून उतरून रस्ता विचारत होतो तेवढ्यात एका वानरानं माझ्या हातातली केळी ओढून नेली आणि भिंतीवर बसून माझ्यासमोर खाल्ली. या सगळ्या प्रवासात मला भेटलेला तो एकमेव चोर.

परसरामजींचं गाव रामटेकपासून थोडं पुढे आहे. ऑटोत बसल्याबसल्या मी माफीचं भाषण तयार केलं. व्हायवासाठी आमच्या मार्गदर्शक सरांनी मला शुद्ध बोलायची सवय करायला सांगितली होती. 'मले-तुले ऐकलं की बाहेरचे परीक्षक तिथंच गुण ठरवतात,' असं ते म्हणत. महिनाभर मी आरशासमोर सराव केला होता. तो आता कामी येईल असं वाटलं.

काका ओसरीवर खाटेवर बसले होते. पट्टी निघाली होती, हिरव्या कापडाचा पडदा डोळ्यावर लोंबत होता. नात शेजारी होती आणि दोघांच्या मध्ये माझी निळी बॅग. मी हात जोडले.

"नमस्कार. परवा रुग्णालयात आपल्याकडे बॅग सोपवणारा मीच. घडलेल्या प्रकाराबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आपल्या भावना दुखावण्याचा आमचा हेतू नव्हता."

काकांनी मान तिरकी करून ऐकलं. मग नातीला म्हणाले, "हा नाही होय तो."

"काका, मीच आहे!"

"माह्या डोळ्याले पट्टी होती. तुह्यं तोंड मी पाह्यलं नाही. आवाज ऐकला होता. तो पोरगा असा नोता बोलत. तो आपल्यातला होता. तू कोणी साहेब दिसतं."

"मी पासवर्ड टाकून दाखवतो."

"ते चोराले बी जमते म्हणते. तुमच्याच त्या पडद्यावर चोर लिहिलं आहे ना? आता चोर कोण न् मालक कोण, मले कसं समजावं? एक डाव चुकलो तं खरंच तुरुंगात टाकशीन तुमी."

नात हसली. काका हसले नाहीत. त्यांनी बॅगेचा बंद हाताला गुंडाळून घेतला. चेहरा ओळखणारं यंत्र आम्ही वर्षभर खपून तयार केलं होतं, ते त्या बॅगेत होतं, आणि माझा चेहरा इथं कामाचा नव्हता. उद्या सकाळी व्हायवा. प्रफुलचंही वर्ष त्याच बॅगेत. बोलायला गेलो तर आरशासमोरची सगळी वाक्यं गेली.

"खरंच मी होतो ना गा काका," मी म्हणालो. "आत्याचा गुडघा दुखे, तिले धरून नेलं. तिकडं जीप उलटलेलं वऱ्हाड होतं, नंबरच नाही लागला. धावत आलो तं बाक उचललेले. मले काही समजलंच नाही. काहून तसं लिहू देलं मी, मलेच माहीत नाही. मी त्याले नाही म्हणाले पाहिजे होतं."

काकांचा हात बंदावरून सैल झाला.

"हा," ते म्हणाले. "आता आला. कसा आहे आत्याचा गुडघा?"

त्यांनी बॅग माझ्या मांडीवर ठेवली. "पाहून घे सारं. डब्यातल्या भाकरी आम्ही खाल्ल्या, राहत नोत्या त्या. जवारी गोड आहे तुमच्याकडची. पण पयले ते पुस. हिच्यासमोर पुस."

मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर अजून प्रफुलचा मजकूर होता. नात जवळ येऊन बसली. मी पासवर्ड टाकला, मजकूर गेला, आणि आत प्रकल्प जसाच्या तसा होता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पुन्हा पुन्हा पेन ड्राइव्ह पाहिला.

"गेलं, आबा," नात म्हणाली.

"नुसतं गेलं तं काय झालं? गावात दहा जणाईनं पाह्यलं ते. हिनंच दाखवलं."

नातीनं जीभ चावली.

"त्याच जागी दुसरं लिही," काका म्हणाले. "मी सांगतो तसं. 'हे सामान परसरामनं सांभाळलं. ज्याचं होतं त्याले देलं. चोर कोणी नव्हता.'"

मी ते ठळक अक्षरांत लिहून त्याचं चित्र केलं आणि लॅपटॉप उघडताच दिसणाऱ्या पडद्यावर लावलं. काकांनी नातीकडून ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा त्यांनी शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लावलं. शेजारचे दोघं येऊन पाहून गेले.

"किती दिवस ठेवू, काका?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "जितके दिवस ते होतं तितके तं ठेव."

ते शुक्रवार संध्याकाळपासून होतं. म्हणजे हे मंगळवारपर्यंत. मी कबूल झालो. त्या क्षणी मधला सोमवार माझ्या ध्यानात आला नाही.

मग जेवण. आमच्याकडे भात सणाला किंवा आजारी माणसाला. इथं भात म्हणजेच जेवण. काकूंनी भाताचा डोंगर वाढला, त्यावर लाखोळीचं वरण आणि तव्यावरची हिरवी मिरची. पोळी मागावी की नाही हे मला कळेना. काकूंनी ते ओळखलं. "याले पोयी लागते वाट्टे. कपाशीवाल्यायचं पोट भातानं भरतच नाही." सगळे मला हसले, आणि मला फार बरं वाटलं. निघताना डबा त्यांनी मला दिला नाही, आत नेला. रिकामा डबा परत कसा द्यायचा? परत आला तेव्हा त्यात लाखोळीची डाळ गच्च भरलेली होती. "आत्याले दे. म्हणा, गुडघा उन्हात शेकत जा."

देवळात जायचं राहिलं. आत्याला मी अजून तसं सांगितलेलं नाही.

सोमवार, परत नागपूर

व्हायवाच्या खोलीत बाहेरून आलेले परीक्षक, आमचे मार्गदर्शक सर आणि मोठा पडदा. प्रफुलनं वायर जोडली. मी लॅपटॉप उघडला, आणि भिंतभर अक्षरं उमटली. हे सामान परसरामनं सांभाळलं. ज्याचं होतं त्याले देलं. चोर कोणी नव्हता.

परीक्षकांनी चष्मा वर केला आणि सावकाश वाचलं. मार्गदर्शक सरांनी 'देलं' या शब्दाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. प्रफुल पुटपुटला, "काढ बे ते."

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं. "तुमच्या प्रकल्पाचा भाग आहे का?"

"नाही सर."

"मग काढून टाका."

मला नको म्हणायला वेळ लागतो. त्या दिवशीही लागला.

"सर, तुम्ही म्हणाल तर प्रकल्प आत्ता उघडतो," मी म्हणालो. "पण ते उद्यापर्यंत काढता येत नाही. मी तसं कबूल केलं आहे."

परीक्षकांनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"परसराम कोण?" त्यांनी विचारलं आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.